विधानसभा मतदारसंघाचा निवडणूक इतिहास कसा लिहावा : सांगोल्याच्या उदाहरणासह

निवडणूक जाहीर झाली की मतदारसंघाचा इतिहास म्हणून जे वाचायला मिळते, ती बहुधा विजयी उमेदवारांची यादी असते. वर्ष, नाव आणि पक्ष असे तीन रकाने भरले की काम झाले, असे मानले जाते. अशा यादीतून कोण निवडून आले एवढे कळते. लढत कोणाकोणात होती, निकाल किती थोडक्यात फिरला आणि तो का फिरला, हे मात्र कळत नाही. आपल्या तालुक्याचा किंवा शहराचा निवडणूक इतिहास नीट लिहून ठेवू इच्छिणारे शिक्षक, पत्रकार, विद्यार्थी आणि कार्यकर्ते यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. उदाहरणासाठी सोलापूर जिल्ह्यातील सांगोला मतदारसंघ घेतला आहे. तिथला इतिहास सर्वांना तोंडपाठ असल्यासारखा वाटतो आणि नेमका त्यामुळेच तो पडताळून न पाहता लिहिला जातो.

आधी भूभाग ठरवा

पहिले काम आकडे जमवण्याचे नाही. आपण ज्याला ‘मतदारसंघ’ म्हणतो, त्यात कोणत्या वर्षी कोणती गावे होती, हे आधी ठरवावे लागते. नाव अनेक दशके तेच राहते, पण त्या नावाखालची गावे बदलत जातात. देशात १९५२, १९६२, १९७२ आणि २००२ च्या कायद्यांनुसार परिसीमन आयोग, म्हणजे मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखणारे आयोग, नेमले गेले. महाराष्ट्रापुरते ढोबळ मानाने सांगायचे तर १९६७, १९७८ आणि २००९ या वर्षांच्या विधानसभा निवडणुका बदललेल्या सीमांवर झाल्या. जागांची संख्याही स्थिर नव्हती. १९६२ मध्ये विधानसभेच्या २६४ जागा होत्या, १९६७ मध्ये २७० झाल्या आणि १९७८ पासून त्या २८८ आहेत.

सध्याच्या रचनेत २५३ क्रमांकाच्या सांगोला मतदारसंघात संपूर्ण सांगोला तालुका आणि पंढरपूर तालुक्यातील भाळवणी महसूल मंडळ येते. म्हणजे ‘सांगोला तालुक्याने असा कौल दिला’ हे वाक्य २००९ नंतरच्या निकालांबाबत काटेकोरपणे खरे नाही, कारण त्या कौलात भाळवणी मंडळातील गावांचाही वाटा असतो. लोकसभेच्या बाबतीतही असाच बदल झाला. पूर्वी सांगोला हा अनुसूचित जातींसाठी राखीव असलेल्या पंढरपूर लोकसभा मतदारसंघाचा भाग होता. तो लोकसभा मतदारसंघ परिसीमनात रद्द झाला आणि २००९ पासून सांगोला माढा लोकसभा मतदारसंघात गेला. विधानसभेचा इतिहास लिहिताना हे सांगण्याचे कारण असे की, लोकसभेच्या लढतीतले मित्र आणि शत्रू विधानसभेच्या गणितात उतरतात. लोकसभा मतदारसंघ बदलला की शेजारी बदलतात, आणि कोणाच्या शब्दाला किती वजन तेही बदलते.

यासाठी परिसीमनाचे आदेश पाहावेत. ते राजपत्रात प्रसिद्ध झालेले असतात आणि त्यांत मतदारसंघाची व्याप्ती तालुका, महसूल मंडळ, प्रसंगी सजा (तलाठ्याचे कार्यक्षेत्र) आणि गाव अशा क्रमाने दिलेली असते. शहरी मतदारसंघासाठी महानगरपालिकेच्या प्रभागांचे क्रमांक येतात आणि तिथे काम अधिक किचकट होते, कारण प्रभागांची रचना पालिका निवडणुकांसाठी पुन्हा बदललेली असते. वर्षवार तक्ता करण्याआधी सीमांचा एक स्वतंत्र तक्ता करावा आणि मुख्य तक्त्यात जिथे सीमा बदलली तिथे ठळक आडवी रेघ मारावी. त्या रेघेच्या वरची आणि खालची टक्केवारी शेजारी ठेवून निष्कर्ष काढायचा असेल, तर सीमा बदलल्याचा उल्लेख त्याच वाक्यात करावा. तळटीप बहुतेक वाचक पाहत नाहीत.

१९५१–५२ आणि १९५७ या निवडणुकांसाठी आणखी सावधगिरी लागते. तेव्हा महाराष्ट्र राज्य नव्हते. पहिली निवडणूक मुंबई राज्यात आणि दुसरी द्वैभाषिक मुंबई राज्यात झाली. मराठवाड्यातील मतदारसंघांचा १९५१–५२ चा निकाल हैदराबाद राज्यात आणि विदर्भातील मतदारसंघांचा मध्य प्रदेशात शोधावा लागतो. त्या काळी काही मतदारसंघ द्विसदस्य होते आणि तिथे प्रत्येक मतदाराला दोन मते असत. अशा ठिकाणी एकूण मते मतदारांपेक्षा जास्त दिसली तर ती छपाईची चूक समजू नये, आणि मतदानाची टक्केवारी नेहमीच्या रीतीने काढू नये. १९६१ च्या कायद्याने ही पद्धत बंद झाली.

आकडे घेणे आणि तपासणे

निकालाचा पाया म्हणून निवडणूक आयोगाचे सांख्यिकी अहवाल वापरावेत. प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीनंतर आयोग राज्यनिहाय अहवाल काढतो आणि पहिल्या निवडणुकीपासूनचे अहवाल उपलब्ध आहेत. त्यांत प्रत्येक मतदारसंघातील उमेदवार, त्यांचा पक्ष, मिळालेली मते, एकूण मतदार, झालेले मतदान आणि बाद मते दिलेली असतात. अहवाल इंग्रजीत असल्यामुळे नावांच्या लेखनात फरक पडतो. याच मतदारसंघाचे नाव कुठे ‘सांगोला’ तर कुठे ‘सांगोले’ असे आढळते. उमेदवाराचे आडनाव कधी आधी, कधी शेवटी असते, त्यामुळे ‘देशमुख गणपतराव अण्णासाहेब’ आणि ‘गणपतराव देशमुख’ ही एकच व्यक्ती आहे हे यंत्राने शोधणाऱ्याला कळत नाही. उलट, एकाच आडनावाच्या वेगवेगळ्या घराण्यांतील उमेदवारांना घाईत एकच समजले जाते. नावांची एक प्रमाण यादी सुरुवातीलाच करून ठेवली तर पुढचा गोंधळ टळतो.

प्रत्येक वर्षाचे आकडे घेतल्यावर बेरीज स्वतः करावी. सर्व उमेदवारांच्या मतांची बेरीज वैध मतांइतकी आली पाहिजे, आणि पहिल्या दोघांतील वजाबाकी छापलेल्या मताधिक्याशी जुळली पाहिजे. २०१४ मध्ये गणपतराव देशमुख यांना ९४,३७४ आणि शहाजीबापू पाटील यांना ६९,१५० मते मिळाली, म्हणजे मताधिक्य २५,२२४. २०१९ मध्ये शहाजीबापूंना ९९,४६४ आणि गणपतरावांचे नातू अनिकेत देशमुख यांना ९८,६९६ मते मिळाली, म्हणजे मताधिक्य ७६८. ही वजाबाकी क्षुल्लक वाटते, पण टंकलेखनात उलटसुलट झालेला आकडा पकडण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

टक्केवारी लिहिताना ती कशाची आहे ते सांगावे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ च्या निर्णयानंतर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्याय आला आणि महाराष्ट्र विधानसभेसाठी तो २०१४ मध्ये प्रथम वापरला गेला. ही ‘नोटा’ची मते धरून काढलेली टक्केवारी आणि वगळून काढलेली टक्केवारी यांत फरक पडतो. अनामत रक्कम जप्त झाली की नाही हे ठरवताना वैध मतांचा एक षष्ठांश भाग पाहतात आणि त्या हिशेबात नोटा धरत नाहीत. मतदानाच्या टक्केवारीची तुलना करताना १९९० ची निवडणूक वेगळी ठेवावी, कारण मतदानाचे वय २१ वरून १८ वर आल्यानंतरची ती राज्यातील पहिली विधानसभा निवडणूक होती. मतदारसंख्येतील त्या वेळची मोठी वाढ लोकसंख्यावाढीच्या खात्यावर टाकणे चुकीचे ठरेल. बाद मतांचा रकाना जुन्या निवडणुकांसाठी तर अवश्य ठेवावा. मतदान यंत्रे येण्यापूर्वी अटीतटीच्या लढतीत बाद मतांची संख्या मताधिक्यापेक्षा मोठी असणे ही नवलाची गोष्ट नव्हती.

पोटनिवडणूक विसरू नका

सांगोल्याच्या इतिहासातील सर्वांत प्रसिद्ध विधान म्हणजे ‘गणपतराव देशमुख ११ वेळा आमदार झाले’. हे खरे आहे. पण ‘सलग ११ वेळा’ असे कुठे लिहिलेले दिसले तर ते खोटे आहे, आणि सार्वत्रिक निवडणुकांचे अहवाल पाहून कोणी मोजायला बसला तर त्याला ११ हा आकडा मिळणारच नाही. तिथे तो १० येतो. अकरावा विजय १९७४ च्या पोटनिवडणुकीतला आहे आणि पोटनिवडणुकांचे निकाल सार्वत्रिक निवडणुकीच्या अहवालात नसतात.

क्रम असा आहे. शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) उमेदवार म्हणून गणपतराव १९६२ आणि १९६७ मध्ये निवडून आले. १९७२ मध्ये ते पराभूत झाले. १९७४ ची पोटनिवडणूक त्यांनी जिंकली आणि पुढे १९७८, १९८०, १९८५ व १९९० मध्ये जागा राखली. १९९५ मध्ये काँग्रेसच्या शहाजीबापू पाटील यांनी त्यांना अवघ्या १९२ मतांनी हरवले. त्यानंतर १९९९, २००४, २००९ आणि २०१४ असे चार विजय. म्हणजे दोन, पाच आणि चार अशा तीन सलग कालखंडांत मिळून ११ विजय आहेत आणि त्यांच्या मधे दोन पराभव आहेत. आमदारकीची वर्षे मोजतानाही हाच धडा लागू पडतो. १९६२ ते २०१९ हे अंतर ५७ वर्षांचे, पण १९७२ ते १९७४ आणि १९९५ ते १९९९ हे खंड वजा केले तर ढोबळ हिशेबाने ५१ वर्षे उरतात. ही संख्याही थक्क करणारीच आहे. तिला फुगवण्याची गरज नाही, आणि मधले दोन पराभव लपवले तर या कारकिर्दीतला सर्वांत शिकण्यासारखा भाग निघून जातो. एकदा हरल्यावर पुन्हा उभे राहून जिंकणे हे दोनदा घडले, ही गोष्ट मतदार आणि प्रतिनिधी यांच्या नात्याबद्दल अखंड विजयापेक्षा जास्त सांगते.

म्हणून प्रत्येक सभागृहाच्या कालावधीत सदस्य बदलला का, हे वेगळे तपासावे. विधानमंडळ सचिवालयाने काढलेल्या सदस्य परिचयाच्या पुस्तिका यासाठी उपयोगी पडतात. निधन, राजीनामा, अपात्रता किंवा न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवणे, यांपैकी कोणत्या कारणाने जागा रिकामी झाली ते नोंदवावे. कसबा पेठेत २०१९ ला निवडून आलेल्या मुक्ता टिळक यांच्या निधनानंतर २०२३ मध्ये पोटनिवडणूक झाली आणि काँग्रेसचे रवींद्र धंगेकर विजयी झाले. २०२४ मध्ये जागा पुन्हा भाजपकडे गेली. केवळ २०१९ आणि २०२४ चे अहवाल पाहणाऱ्याला तिथे काही हलले होते याचा पत्ताही लागणार नाही.

निवडणूक याचिकांचेही असेच आहे. निकालानंतर ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात याचिका करता येते आणि तिचा निकाल कधी कधी इतका उशिरा लागतो की तोवर सभागृहाची मुदत संपलेली असते. विलेपार्ल्याच्या १९८७ च्या पोटनिवडणुकीत डॉ. रमेश प्रभू निवडून आले, मुंबई उच्च न्यायालयाने ती निवडणूक रद्द ठरवली आणि सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले ते डिसेंबर १९९५ मध्ये. अशा ठिकाणी तक्त्यात फक्त ‘विजयी’ लिहून थांबणे अपुरे आहे.

पक्षाचा रकाना वाचायचा कसा

माझ्या मते बहुतेक मतदारसंघांचे इतिहास इथे फसतात. पक्षाचे नाव तेच राहिले म्हणून मतदार तेच राहिले असे नसते, आणि पक्षाचे नाव बदलले म्हणून गट बदलला असेही नसते. सांगोल्यात शहाजीबापू पाटील १९९५ मध्ये काँग्रेसचे उमेदवार म्हणून जिंकले आणि २०१९ मध्ये शिवसेनेचे उमेदवार म्हणून. कागदावर पहिला निकाल काँग्रेसचा आणि दुसरा शिवसेनेचा आहे. तालुक्यातील माणसाला विचारले तर तो म्हणेल की लढत देशमुख गट आणि पाटील गट यांचीच होती. हे दोन्ही खरे आहे आणि इतिहासात दोन्ही आले पाहिजे. त्यासाठी पक्षाच्या रकान्याशेजारी ‘स्थानिक गट’ असा आणखी एक रकाना ठेवावा. पण तो भरताना ऐकीव माहितीवर न विसंबता उमेदवाराच्या आधीच्या आणि नंतरच्या लढतींचा आधार घ्यावा.

चिन्हांची नोंदही करावी, कारण ग्रामीण भागातील जुन्या मतदारांच्या आठवणी पक्षाच्या नावापेक्षा चिन्हाशी बांधलेल्या असतात. काँग्रेसची बैलजोडी १९६९ च्या फुटीनंतर गेली, इंदिरा गांधींच्या काँग्रेसला गाय-वासरू मिळाले आणि १९७८ च्या फुटीनंतर हाताचा पंजा आला. त्यामुळे १९७८ च्या निवडणुकीत ‘काँग्रेस’ असे नुसते लिहिणे निरर्थक आहे. तेव्हा दोन काँग्रेस समोरासमोर होत्या आणि कोणता उमेदवार कोणत्या काँग्रेसचा हे सांगावेच लागते. अगदी अलीकडे हीच वेळ पुन्हा आली आहे. २०२४ च्या तक्त्यात ‘शिवसेना’ आणि ‘राष्ट्रवादी’ ही नावे लिहिताना धनुष्यबाण की मशाल, घड्याळ की तुतारी वाजवणारा माणूस, हे सोबत दिले नाही तर वीस वर्षांनी वाचणाऱ्याला काही उमगणार नाही.

राज्य पातळीवरील सत्तेचे संदर्भ एखाद्या ओळीत द्यावेत, लांबण लावू नये. गणपतराव १९७८ मध्ये शरद पवारांच्या पुरोगामी लोकशाही दलाच्या मंत्रिमंडळात आणि १९९९ नंतर विलासराव देशमुख यांच्या मंत्रिमंडळात होते, एवढे सांगितले की शेकाप कधी कोणासोबत होता याची दिशा कळते.

हरलेल्यांची मते

किमान पहिल्या तीन उमेदवारांची मते नोंदवावीत. सांगोल्यात २०२४ मध्ये शेकापचे बाबासाहेब देशमुख यांना १,१६,२५६ आणि शिवसेनेचे शहाजीबापू पाटील यांना ९०,८७० मते मिळाली. मताधिक्य २५,३८६ चे आहे आणि नुसते तेवढेच पाहिले तर लढत एकतर्फी वाटते. पण शिवसेना उद्धव बाळासाहेब ठाकरे पक्षाचे दीपक साळुंखे यांनी तिसऱ्या क्रमांकावर राहून सुमारे ५० हजार मते घेतली होती. २०१९ मध्ये ७६८ मतांनी फिरलेला मतदारसंघ पाच वर्षांत २५ हजारांनी उलट फिरला, याचा अर्थ लावायचा तर हा तिसरा आकडा समोर हवा.

मात्र इथेच एक मोह आवरावा लागतो. तिसऱ्याची मते दुसऱ्याच्या मतांत मिळवून ‘तो नसता तर निकाल वेगळा लागला असता’ असे लिहून टाकणे सोपे असते. वरच्या उदाहरणात पाटील आणि साळुंखे यांची बेरीज देशमुखांच्या मतांपेक्षा जास्त भरते. पण साळुंखे यांचा पक्ष आणि शेकाप हे दोघेही त्या वेळी महाविकास आघाडीच्या बाजूचे मानले जात होते, म्हणून ती मते देशमुखांकडे गेली असती असाही युक्तिवाद तितक्याच जोराने करता येतो. आकडे या प्रश्नाचे उत्तर देत नाहीत. दोन्ही शक्यता मांडाव्यात आणि त्या शक्यताच आहेत हे स्पष्ट लिहावे.

यावर थोडा उजेड पडतो तो केंद्रनिहाय आकड्यांतून. निवडणूक निर्णय अधिकारी नमुना २० मध्ये अंतिम निकालपत्रक तयार करतात, त्यात प्रत्येक मतदान केंद्रावर प्रत्येक उमेदवाराला किती मते पडली ते असते. अलीकडच्या निवडणुकांची ही पत्रके राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतात. पत्रकात केंद्राचा फक्त क्रमांक असतो, म्हणून त्यासोबत त्याच वर्षाची मतदान केंद्रांची यादी घेऊन क्रमांकासमोर गावाचे नाव लिहावे. २०१९ चे केंद्र क्रमांक २०२४ ला लागू करू नयेत, कारण मधल्या काळात केंद्रे वाढतात आणि क्रमांक पुढे सरकतात. एकदा गावाची नावे बसली की सांगोला शहर, माण नदीकाठची गावे आणि भाळवणी मंडळ यांची मते वेगवेगळी मांडता येतात, आणि मग ‘भाळवणीने निकाल फिरवला’ यासारख्या पारावरच्या विधानांची परीक्षा होऊ शकते. टपाली मते शेवटी स्वतंत्र दिलेली असतात. ती कोणत्याही गावात मिसळू नयेत.

कारणे लिहिताना

आकड्यांना अर्थ येतो तो त्या भागाच्या प्रश्नांमुळे. सांगोला हा पर्जन्यछायेतील दुष्काळी तालुका आहे. रोजगार हमीची कामे, जनावरांच्या छावण्या, टेंभू आणि म्हैसाळ योजनांचे पाणी, आटपाडीपासून सांगोल्यापर्यंतच्या दुष्काळी तालुक्यांच्या पाणी परिषदा, सहकारी सूतगिरणी आणि पुढे डाळिंबाच्या बागा, हे विषय वगळून इथल्या निवडणुकांचे कारण सांगता येणार नाही. जातीची गणिते बहुतेक लेखक पहिल्या परिच्छेदातच मांडतात. ती असतात, पण जातनिहाय मतदारसंख्येचे जे आकडे निवडणुकीत फिरतात त्यांना अधिकृत आधार नसतो, म्हणून ते इतिहासात छापू नयेत असे माझे ठाम मत आहे.

स्थानिक दैनिकांचे त्या त्या महिन्यांचे अंक जिल्हा ग्रंथालयात किंवा वर्तमानपत्राच्या कार्यालयात पाहावेत. निकालाच्या दिवसापेक्षा अर्ज मागे घेण्याच्या दिवसाचा आणि प्रचार संपण्याच्या आदल्या आठवड्याचा अंक जास्त बोलका असतो. कोणी माघार घेतली, कोणी कोणाला पाठिंबा जाहीर केला, बंडखोर का शांत झाले, हे तिथेच सापडते. जुन्या कार्यकर्त्यांशी बोलावे, पण त्यांच्या आठवणीतील वर्ष आणि आकडा अहवालाशी ताडून घ्यावा. आकडा चुकला म्हणून संपूर्ण आठवण टाकून देऊ नये. प्रचाराची पद्धत, मुक्कामाची गावे, सभांना येणारी माणसे यांबद्दलची त्यांची साक्ष कोणत्याही अहवालात मिळत नाही.

पूर्ण झालेल्या तक्त्यावर तो कोणत्या तारखेपर्यंतचा आहे ते लिहावे आणि मूळ पत्रकांच्या प्रती सोबत जपून ठेवाव्यात. विधानसभेच्या एकूण जागांवरील घटनात्मक गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतची आहे. त्यानंतर सीमा पुन्हा बदलल्या तर २००९ ते २०२४ या चार निवडणुकांचा केंद्रनिहाय तपशील नव्या सीमांवर बसवून पाहावा लागेल. त्यासाठी नमुना २० ची पत्रके, त्या त्या वर्षाच्या केंद्रांच्या याद्या आणि भाळवणी मंडळातील गावांची यादी आत्ताच एकत्र बांधून तालुक्याच्या वाचनालयात एक संच ठेवावा.